लेकीला बाळाजवळ जाऊ द्या

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. थोडं आटोपशीर केलंय, शब्द त्यांचेच आहेत.

"सिस्टर, नमस्कार. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा संपत आला होता. एका संध्याकाळी म्हणाली, आई, खालून पाणी जातंय. मला वाटलं लघवीच असेल, सकाळी बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात नेलं, रात्री बाळंत झाली. मुलगा आहे. तिसावा आठवडा, वजन १२४० ग्रॅम. सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलाय. पहिला आठवडा बरा गेला, नळीनं दूध पचवायला लागला होता. आठव्या दिवशी एकाएकी मलूल झाला, मधेच श्वास घ्यायचं विसरायला लागला, पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले रक्तात जंतू झालेत. तपासणीत क्लेबसिएला आलं म्हणून औषध बदललंय. आज अकरावा दिवस. विहीणबाई म्हणतात, तुमच्याकडे हयगय झाली, आणि ओल्या बाळंतिणीनं तिथं जाऊन हात लावला म्हणून जंतू गेले. लेकीनं दोन दिवसांपासून जाणं बंद केलंय. भिंतीकडे तोंड करून पडते. जावई म्हणतात शेत गहाण ठेवू, पुण्याला खाजगीत हलवू. माझी चूक झाली का? लेकीला पाठवू का नको? बाळ वाचेल का?"

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांतल्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. लेकीला पाठवा. हे वाचून होईल तेव्हा भेटीची वेळ असेल तर आत्ताच पाठवा. नवजात बालकांच्या विभागात ३१ वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले. या एका गोष्टीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आता कारण सांगते. थोडं लांबेल, पण विहीणबाईंनाही वाचून दाखवता यावं म्हणून सविस्तर लिहिते.

लेक सासरी निघाली की आपण शिदोरी बांधून देतो ना? पोटातल्या बाळालाही आई अशीच शिदोरी देते. आयुष्यभरात तिच्या रक्तात आजारांशी लढणारी जी द्रव्यं तयार झालेली असतात, ती वारेतून बाळाकडे जातात. पण त्यांचा मोठा भाग शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत जातो. तुमचा नातू शिदोरी बांधून व्हायच्या आतच घराबाहेर पडला. त्याची कातडी कागदासारखी पातळ, जंतूंना अडवणारा तिचा वरचा थर अजून पुरता धरलेला नाही. आतडी कच्ची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी थोड्या, आणि त्यांनाही अजून लढायचं कळत नाही. त्यात त्याला जगवायचं म्हणून आम्हीच त्याच्या शिरेत सुई घालतो, नाकातून पोटात नळी घालतो, श्वासाला मशीन लावतो. यातली प्रत्येक वस्तू गरजेची, आणि प्रत्येक वस्तू जंतूंना एक वाट. मोठ्या माणसाच्या अंगावर निरुपद्रवीपणे राहणारा जंतू अशा बाळाच्या रक्तात शिरला तर काही तासांत बाळ निपचित पडतं.

तुमच्या मनातली टोचणी मला पत्राच्या पहिल्या ओळीपासून दिसतेय, तेव्हा तिच्याबद्दल खरं तेच सांगते. पाणी गेल्याचं कळलं त्या संध्याकाळीच दवाखाना गाठायला हवा होता. पाणमोट फुटून १८ तासांच्या वर गेले की खालून जंतू वर चढायची भीती वाढते. पण तशी लागण झालीच तर ती सहसा जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिसते. तुमच्या नातवाचे पहिले सात दिवस चांगले गेले, तो दूध पचवत होता. आठव्या दिवशी आलेला क्लेबसिएला हा बहुतेक वेळा दवाखान्यातला जंतू असतो. ओलसर जागी, नळ्यांमध्ये, बेसिनपाशी राहणारा आणि हातांवरून प्रवास करणारा. तुमच्या त्या एका रात्रीचा या आजाराशी संबंध जोडू नका. पुढच्या बाळंतपणाला मात्र पाणी गेलं की रात्र असो की पहाट, गाडी बोलवायची. एवढंच त्यातून घ्या.

मग तो लेकीच्या हातावरून गेला का? तिच्या बाजूनं बोलताना मला माझ्याच वॉर्डातली एक गोष्ट सांगावी लागेल. मी नोकरीला लागले तेव्हा आयांना आत घेत नसू. दाराला काच होती, तिथून बघायचं. बाहेरची घाण आत येऊ नये, असं आम्ही मनापासून मानायचो. एका पावसाळ्यात आठवड्याभरात तीन बाळांच्या रक्तात एकच जंतू निघाला. एकाही बाळाला त्याच्या आईचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. शोधता शोधता सापडलं ते हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीत. बाटली संपत आली की आम्ही त्यातच नवा साबण ओतायचो, ती घासून वाळवायची कुणाला सुचलं नव्हतं. ज्यानं हात स्वच्छ करायचे त्यातूनच जंतू घेऊन आम्ही बाळापाशी जात होतो. त्या तिघांतलं एक बाळ गेलं. त्याची आई काचेबाहेर उभी होती आणि आम्ही तिला आत येऊ दिलं नव्हतं. ती अजून डोळ्यांपुढे येते.

हे सांगून तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टरांकडे बोट दाखवायचं नाहीये मला. एकेका सिस्टरकडे किती बाळं असतात, रात्रपाळीला काय होतं, ते मी जाणते. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३ हजारांहून जास्त नवजात बाळांचा अभ्यास झाला. तिथं सातातल्या एका बाळाला रक्तातला संसर्ग झाल्याचं निदान झालं. तीही चांगली, शिकवणारी रुग्णालयं होती. म्हणजे हे संकट तुमच्या घरापुरतं किंवा त्या एका दवाखान्यापुरतं नाही. तेव्हा नेमक्या कुणाच्या हातावरून जंतू गेला हे आज शोधून सापडणार नाही, आणि सापडलं तरी बाळाला त्याचा उपयोग नाही. नीट धुतलेला आईचा हात मात्र सुरक्षित असतो.

आणि हात सुरक्षित आहे एवढ्यावर हे थांबत नाही. लेकीकडे जे आहे ते दवाखान्याच्या औषधांच्या कपाटात नाही. शिदोरी अर्धी राहिली असं म्हटलं ना, ती मागाहून पोचवायची एक वाट देवानं ठेवलीय, आईचं दूध. आधीचा पिवळा चीक तर आहेच, पण नंतरचं दूधसुद्धा. दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात ही संरक्षक द्रव्यं पुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीपेक्षा जास्त असतात. ती आतड्याच्या आतल्या बाजूला अस्तरासारखी बसतात, आणि कच्च्या आतड्यातून जंतू रक्तात घुसतात ती वाट अडवतात. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्यांच्या आईला दूध नाही त्या कमी वजनाच्या बाळांना डब्याच्या पावडरीऐवजी दुसऱ्या आईचं दूध मिळावं, यासाठी केवढा खटाटोप केला त्यांनी! तुमच्या नातवाची तर स्वतःची आई तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

दोन दिवस तिनं दूध काढलं नसेल. पहिल्या खेपेला चमचाभर निघेल, ती रडेल, दूध आटलं म्हणेल. आटत नाही. दर दोन-तीन तासांनी हातानं काढायचं, दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी, आणि रात्रीची एक खेप चुकवायची नाही. तीन-चार दिवसांत फरक दिसेल. पोट फुगलंय म्हणून डॉक्टरांनी सध्या दूध बंद ठेवलं असेल, तरीही काढत राहायचं. ज्या दिवशी "दोन मिली सुरू करू" म्हणतील त्या दिवशी ते तयार हवं. तोवर त्या दुधाचे दोन थेंब कापसाच्या बोळ्यानं बाळाच्या गालाच्या आतून फिरवता येतील का, हे सिस्टरांना विचारा. बऱ्याच ठिकाणी आता तसं करतात.

दुसरी गोष्ट तिची छाती. कोलंबिया नावाच्या देशात, बोगोटा शहरात, १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्यापुढे तुमच्यासारखीच अडचण होती. पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-दोन बाळं, एकाचा जंतू दुसऱ्याला. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. त्यालाच आज कांगारू मदर केअर म्हणतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत एक मोठा अभ्यास केला, आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या बाळांना, ती स्थिर व्हायची वाट न बघता, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं. आई चोवीस तास त्याच विभागात. २०२१ साली निष्कर्ष आले. पहिल्या महिन्यात दर शंभरात जवळजवळ १६ बाळं दगावायची तिथं १२ दगावली, आणि जंतुसंसर्गाची शंका आलेली बाळंही कमी झाली, २८ च्या जागी २३. हे दिसल्यावर अभ्यास मधेच थांबवला, कारण एका गटाला आईपासून दूर ठेवणं आता बरोबर नव्हतं.

यामागचं कारण मला फार आवडतं. आईच्या अंगावरचे ओळखीचे, गरीब जंतू बाळाच्या कातडीवर आधी वस्ती करतात, मग दवाखान्यातल्या दांडग्या जंतूंना जागा मिळत नाही. शिवाय बाळ ऊबदार राहतं, श्वास सुरळीत होतो, आणि आईला दूध येतं.

तुमचा नातू आज आजारी आहे, कदाचित मशीनवर असेल. त्याला लगेच छातीशी घेता येईल की नाही ते त्याचे डॉक्टर ठरवतील. नाहीच म्हणाले तर लेकीनं पेटीच्या भोकातून हात घालून एक तळवा त्याच्या डोक्याशी आणि एक पावलांशी स्थिर धरायचा. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, नुसता हात ठेवायचा. मॉनिटरवरचे ठोके शांत होताना ती स्वतः बघेल. आणि रोज विचारायचं, "छातीशी कधी घेऊ?"

राहिला ओल्या बाळंतिणीचा प्रश्न. कानाला रुमाल बांधा, शाल पांघरा, पोटभर खायला घालून पाठवा, बसायला खुर्ची मागा. विहीणबाईंची काळजीही खोटी नाही. बाळंतिणीला जपायचं, दहा दिवस कुणी शिवायचं नाही, या रीती ज्या काळात रुळल्या तेव्हा अशी कोवळी बाळं पाचवी-सटवाईपर्यंत टिकणं कठीण होतं. त्यांना सांगा, जपायचंच आहे, पण दोघांना एकत्र ठेवून. त्याही आजीच आहेत त्याच्या. शक्य झालं तर त्यांनाही एकदा हात धुवून आत न्या. पेटीतलं ते बोटभर मनगट बघितल्यावर दोष द्यायची बायकांची इच्छाच उरत नाही, हे मी कितीदा पाहिलंय.

बाळ वाचेल का, याचं वचन मी देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. आजार गंभीर आहे. क्लेबसिएला हट्टी असतो. दिल्लीच्या त्याच अभ्यासात सापडलेल्या क्लेबसिएलापैकी निम्म्याहून जास्त अनेक प्रकारच्या औषधांना दाद न देणारे होते. पण तुमच्या पत्रात आशेची एक गोष्ट आहे. कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, पाठवलं, जंतूचं नाव कळलं, आणि त्याप्रमाणे औषध बदललं. अंधारात दगड मारणं थांबलंय. कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात, तोवर डॉक्टरांना अंदाजानं औषध सुरू करावंच लागतं. थांबलं तर बाळ हातचं जातं. तेव्हा औषध बदललं म्हणजे आधीचं चुकलं, असं समजू नका.

पुण्याला हलवायचं का, हे ठरवण्याआधी जावईबापूंनी डॉक्टरांसमोर शांतपणे बसून विचारावं. नव्या औषधाला हा जंतू दाद देतो असं रिपोर्टात आहे ना? पाठीतलं पाणी तपासलं का, मेंदूच्या आवरणापर्यंत गेलंय का? औषध किती दिवस चालेल? रक्तात जंतू सापडले की साधारण १० ते १४ दिवस, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले असतील तर २१ दिवस, असा हिशोब असतो. प्लेटलेट किती आहेत? इथं नाही असं कोणतं यंत्र किंवा कोणता डॉक्टर बाळाला लागणार आहे? या शेवटच्या प्रश्नाला "काही नाही, सगळं इथं होतंय" असं उत्तर आलं तर शेत गहाण ठेवू नका. १२४० ग्रॅमचं बाळ प्रवासात गारठतं, आणि गारठणं हा त्याच्यासाठी दुसरा आजार आहे. डॉक्टरच हलवा म्हणाले, तर पुढच्या दवाखान्याशी त्यांनी आधी बोलून, ऊब आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या गाडीतून, कल्चरच्या रिपोर्टासह पाठवायचं. आपणहून सही करून बाहेर काढायचं नाही. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचं औषध, तपासण्या, रक्त, सगळं एक वर्षापर्यंत मोफत आहे. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर अधीक्षकांना विचारा. खाजगीत जायचीच वेळ आली तर महात्मा फुले योजनेत ते रुग्णालय आहे का ते आधी बघा, तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

पुढचं थोडं आत्ताच सांगून ठेवते, कारण मला तो घरी येईल असंच धरून लिहायचंय. जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे, मग बाळ तेव्हा वॉर्डात असो की घरी. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोखालच्या प्रत्येक बाळाला ती लागते, आणि रक्तातला संसर्ग होऊन गेलेल्या बाळाला जास्तच. वेळेवर कळलं तर नजर वाचवता येते, उशीर झाला तर नाही. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. या आजारातली काही इंजेक्शनं कानांवर परिणाम करू शकतात, म्हणून घरी सोडण्याआधी कानांची तपासणीही मागून घ्या.

घरी आल्यावर मध नको, गुटी नको, नाका-कानात तेल नको, धुरी तर अजिबात नको. मधातून या वयात जिवावर बेतणारा जंतू जाऊ शकतो, धुरानं त्याचा श्वास कोंडतो. बारसं पुढं ढकला. नाव आजच ठेवा, हाक मारायला, पण पाहुणे नंतर.

आणि एक ओळख डोक्यात पक्की करा. मोठ्या माणसाला जंतू झाले की ताप येतो, असं बाळ मात्र पुष्कळदा गार पडतं. पोट ऊबदार आणि तळपाय गार लागले तर ते गारठतंय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं, दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, झटका आला, श्वास घेताना छातीखाली खड्डा पडायला लागला, किंवा पूर्ण एक मिनिट मोजून श्वास ६० च्या वर निघाले, तर सकाळची वाट बघायची नाही. हे मोजायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या बायकांना हेच शिकवलं. श्वास मोजायचा, वजन करायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली ते जगापुढे आलं, आणि तुमच्या गावची आशाताई आज घरोघर बाळ बघायला येते त्याचं मूळ तिथं आहे. नातू घरी येण्याच्या आधीच तिला सांगून ठेवा.

आता उद्याची तयारी. लेकीची नखं आज रात्री कापा. हातात ओटीभरणाचा हिरवा चुडा असेल, तो आणि अंगठ्या आत जाताना काढाव्या लागतील, कारण बांगडीखाली साबण पोचत नाही. विहीणबाईंना आधीच सांगा, बांगड्या वाढवायच्या नाहीत, हात साबणानं ओला करून अलगद उतरवायच्या आणि रुमालात बांधून तुमच्या पिशवीत ठेवायच्या. बाहेर आली की पुन्हा भरायच्या. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घालायचं. कोपरापर्यंत साबण लावून, बोटांच्या बेचक्या आणि अंगठा न विसरता, चांगलं मिनिटभर धुवायचं, हात हवेत वाळू द्यायचे. मोबाईल तुमच्याकडे ठेवा, तो हातात घेतला की हात पुन्हा धुवावे लागतात. दूध काढायला झाकणाची एक स्टीलची वाटी उकळून बरोबर द्या. आणि आत गेल्यावर तिनं पाळीवरच्या सिस्टरना एवढंच म्हणायचं, "मी याची आई. मला काय करता येईल ते सांगा."